झाडाचा उपास

रुक्मिणी परबीण अंगाने शेवग्याच्या काठीसारखी होती. वारा आला तर मोडेल असं बघणाऱ्याला वाटे. तिने तोंड उघडलं की कळे, काठी शेवग्याची नव्हे, खैराची आहे. वेंगुर्ल्याकडची बाई. नवरा, तिच्या बोलीत घोव, गिरणीत राबून राबून खोकत मेला, तेव्हा ती गावचं घर भावकीच्या ताब्यात देऊन झिलाकडे, मुलाकडे, मुंबईस आली. मुंबई म्हणजे नावाची. झिल जयवंत राहायचा मरोळच्या गावठाणात. भाताची खाचरं, चिखलात बसलेल्या म्हशी, विहिरीवर भांडणाऱ्या बायका आणि मधेच वाजणारी चर्चची घंटा. "ह्या मुंबय कसली," असं रुक्मिणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "हो आमचोच गाव, फक्त देव दुसरो."

खोली होती इझाबेलच्या घराच्या मागची. इझाबेल तिथली मूळची बाई, ख्रिस्ती, काठाचं लुगडं नेसणारी, गळ्यात क्रूस आणि बोलणं मराठीच, पण आपल्या वळणाचं. सगळं गावठाण तिला इजाबाय म्हणायचं. रुक्मिणीची आणि तिची पहिल्या महिन्यात तीन भांडणं झाली, आणि तिथून दोघींची गट्टी जमली. एकीने वाटी भरून सुकटाची चटणी द्यायची, दुसरीने ती वाटी रिकामी परत करायची नाही.

त्या वर्षी नाताळ झाल्यावर इजाबाय निघाली वसईला. तिकडे तिची थोरली बहीण घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, करणारं कोणी नव्हतं. निघायच्या सकाळी ती मातीची कुंडी कवटाळून मागच्या दारी आली.

कुंडीत काय होतं म्हणाल तर हिरवा गुंता. चपट्या पेरांना पेरं जोडलेली, खेकड्याच्या तंगड्यांसारखी सगळी लोंबत खाली आलेली.

"ह्या काय कुर्ल्यांचे पाय?" रुक्मिणीने विचारलं.

"निवडुंग हाय गो. ईस्टरला फुलतंय. लाल लाल चांदण्या."

"निवडुंग? आणि काटे खय?"

"काटे नाय त्याला."

"काटे नाय तर निवडुंग कसलो? शेपटी नाय तर म्हस कसली?" रुक्मिणीने हात मागे घेतले. घरात सून मालन गरोदर. पहिलं मूल पोटातच गेलेलं. मालनला माहेरही राहिलं नव्हतं. आई नाही, बाप नाही, बाळंतपण व्हायचं ते ह्याच खोलीत. अशा घरात निवडुंग दारात ठेवायचा म्हणजे भांडण आणि अपशकुन हाताने बोलवायचे. कोकणात निवडुंगाची जागा कुंपणावर. उंबऱ्याच्या आत त्याला कोणी घेत नाही.

इजाबायने कुंडी खाली ठेवली नाही. ती म्हणाली, "ऐक. माझा नवरा बोटीवर भंडारी होता, जेवण रांधायचा. ब्राझील म्हणून मुलूख हाय, तिथून ह्याचं एक पेर ओल्या फडक्यात बांधून आणलंन. पुढच्या खेपेला बोटीवरच तापाने गेला. दर्यात सोडला त्याला. कबरस्तानात मना त्याची जागा नाय. जी हाय ती ही." तिने कुंडीवर हात ठेवला. "हा माझा माणूस हाय."

रुक्मिणीने मागे घेतलेले हात पदराला पुसले. विधवेला विधवेचं कळतं, ते सांगावं लागत नाही.

"आणि सायमनचं तुना ठाऊक हाय," इजाबाय म्हणाली.

ठाऊक होतंच. सायमन तिचा पुतण्या, सांताक्रूझला विमानतळावर फिटर. त्याचं लग्न ठरलं होतं, ईस्टर झाला की लागायचं. त्याला ही मागची खोली हवी होती. पोरगा वाईट नव्हता. पण त्यालाही छप्पर हवं होतं, आणि छप्पर एकच होतं.

"मी ईस्टरला येते, मग सांगते काय ते. मना पण तोंड देवाला दाखवायचंय. तू माझा माणूस सांभाळलास, तर तुझी माणसं मी बाहेर कशी काढू?"

एवढं ऐकल्यावर रुक्मिणीने कुंडी घेतली. इजाबायने मग भराभर सांगितलं. एरवी ह्याला म्हावरं धुतलेलं पाणी घालायचं, शेणाचं पाणी घालायचं. पण नाताळ झाला की ह्याचा उपास सुरू. मागच्या पडवीत ठेवायचं, डोंगराकडचं गार वारं लागू द्यायचं. सांजेनंतर कंदील जवळ न्यायचा नाही. टोकाला लाल कळी दिसली की उपास सोडायचा. आणि कळी दिसल्यावर कुंडी जागची हलवायची नाही. हलली की रागाने कळ्या टाकतंय.

"उपास करतलंय त्येचो," रुक्मिणी म्हणाली. "शबूद दिलंय."

परबिणीने शब्द दिला म्हणजे दिला. दुसऱ्या दिवसापासून झाडाचा उपास सुरू झाला. म्हावऱ्याचं पाणी बंद. शेणाचं बंद. कोळंबीची सालं कुंडीजवळ पडली तरी ती मालनवर खेकसायची, "उपासाचा झाड तां, दिसना नाय तुका?" आणि रोज सकाळी न्हाणं झालं की तुळशीला घालतात तसं तांब्याभर पाणी ती स्वतः घालायची. एकादशीला तर पाण्यात पळीभर दूधही. उपास करणाऱ्या जिवाला निदान पाणी तरी नको का?

कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. जयवंत कामावरून आला की पडवीत विडी ओढायचा. त्याला झाडाजवळ आगकाडी ओढायची बंदी झाली. "आये, माझ्यापेक्षा त्या झाडाचा कोडकौतुक जास्त," तो म्हणायचा.

"तू खोली देतलंस काय? तां झाड देतला."

थंडी चांगली पडली होती. डोंगराकडून वारं यायचं. आणि थंडी उतरता उतरता एका सकाळी रुक्मिणीला पेरांच्या टोकाला लाल ठिपके दिसले. कोळंबीच्या डोळ्याएवढे. एका टोकाला, दुसऱ्या टोकाला, मग बघावं तिथे. तिने मालनला हाक मारली. दोघी उकिडव्या बसून बघत राहिल्या. रुक्मिणीने बोटांवर थुंकल्यासारखं केलं, नजर लागू नये म्हणून. ठिपक्यांची कळी दिसेपर्यंत उपास मात्र तिने सोडला नाही.

त्यानंतर चारपाच दिवसांत पहिलं पेर गळालं.

कळी नव्हे, अख्खं पेर, ठिपक्यासकट. रुक्मिणीला वाटलं उंदीर असेल. दुसऱ्या दिवशी आणखी पेरं खाली. हिरवी होती, पण बोटात धरली की उसासा टाकल्यासारखी मऊ लागत. तिसऱ्या दिवशी पाणी घालायला ती वाकली आणि तिला वास आला. कुजक्या केळीचा. तिने गुंता हाताने वर केला. मातीला लागलेलं खोड तपकिरी झालं होतं. नख लावलं तर नख आत गेलं.

ती तशीच तांब्या हातात घेऊन उभी राहिली. मालन आतून म्हणाली, "आई, काय झाला?"

नेमका त्याच रविवारी सायमन आला. घराच्या कौलांवर लक्ष ठेवायला तो अधूनमधून यायचा, आणि येता जाता खोलीच्या भिंती डोळ्याने मोजून जायचा. पडवीत आला आणि कुंडीपाशी थांबला.

"हे काय झालं? आंटीने उपास सांगितला नव्हता?"

"उपासच केलंय. म्हावऱ्याचा पाणी बंद, शेणाचा बंद. निसत्या पाण्यावर ठेवलंय."

"पाण्यावर?" सायमन बघत राहिला. "मावशी, उपास म्हणजे पाणीच बंद. थंडीत ह्याला पाणी दिलं की मूळ सडतं."

"ती निर्जळी," रुक्मिणी म्हणाली. "निर्जळी वेगळी, उपास वेगळो. निर्जळी सांगूक व्हयी होती तिना." बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. वर्षानुवर्षं सोमवार, एकादश्या, शिवरात्र सगळं केलेली बाई. उपास कसा करतात हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि नेमकं तेच नडलं होतं.

सायमनने टोपी डोक्यावर घातली. "मला खोटं वाटत नाही तुझं. पण आंटीला मी काय सांगू? अंकलचं झाड आहे ते. ईस्टरला येईल, बघेलच." जाताना दारातून वळून तो म्हणाला, "तोवर दुसरीकडे चौकशी करून ठेवा. मागून घाई नको व्हायला."

तो हे वाईटपणाने बोलला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

मालन पोट सावरत भिंतीला टेकली. "आई, बोकडान खाल्ल्यान म्हणून सांगूया?"

रुक्मिणीने त्यावर खरंच विचार केला. शेजारच्या दशरथाचा बोकड होताच, गावठाणातली निम्मी पापं त्याच्या नावावर जमा होती. पण सायमन बघून गेला होता. आणि बोकडावर ढकललं तरी झाड काही उभं राहणार नव्हतं. "बोकडान काय करूचा ता करूदे," ती म्हणाली. "माका घोवाची दाढी करूची वस्तू दी."

"कोणाच्या घोवाची?"

"तुझ्या. माझो खय आसा आता?"

रुक्मिणीचा बाप वेंगुर्ल्याला आंब्याची कलमं बांधायचा. लहानपणी सुंभ धरून बापासमोर बसायचं काम तिचं. बाप म्हणायचा, मूळ एकाचं, माथा दुसऱ्याचा, आणि सांध्यात वारा शिरता नये. एवढंच तिला आठवत होतं. आंबा कसा बांधतात ते ठाऊक होतं. ही कुर्लीची तंगडी कशावर बांधतात ते कोणाला ठाऊक असणार? पण जातीवर जात चढते, हे कळायला शाळा लागत नाही. निवडुंगावर निवडुंग.

घमेलं आणि कोयती घेऊन ती भर दुपारी खाचरांच्या कडेला गेली. तिथे कुंपणाला फड्या निवडुंग माजला होता, माणसाच्या छातीएवढा, बोटबोट काट्यांचा. एक लहान, ताठ फड तिने मुळासकट उकरला. हात रक्ताळले. वाटेत विहिरीवरच्या बायकांनी बघितलं. "परबीण, गरोदर सून घरात आणि फड्या नेतस?" एकीने विचारलंच.

"भाजी करतंय. येतंस जेवूक?"

घरी फड्या आणला तेव्हा मालनने पदर पोटावर ओढून घेतला. रुक्मिणीने ते पाहिलं. आपणच सांगायचं, निवडुंग दारात नको, आणि आपणच तो काट्यासकट घरात आणायचा. ह्या पोरीला काही झालं तर कोणाला तोंड दाखवायचं? मग तिने मनाशी हिशोब केला. अपशकुन होईल की नाही ते देवाला ठाऊक. खोली मात्र जाणार हे सायमनला पक्कं ठाऊक होतं.

जयवंतचं पातं तिने चुलीवर धरलं, मग पुसलं. सडलेल्या झाडावरची जी फांदी अजून घट्ट होती, जिच्या टोकाला कळ्या होत्या, तिची तीन टोकं कापली. खालच्या पेराची दोन्ही बाजूंची साल तासून पाचर केली. फड्याचा माथा उडवला, आतला चीक पुसला, आणि तीन ठिकाणी चिरा दिल्या. पाचरी आत सरकवल्या. पण त्या निसटायला लागल्या. निवडुंगाचं अंग बुळबुळीत, मासळीसारखं. सुंभ बांधावं तर पेर चिरडतं. बाहेर जयवंत येऊन उभा राहिला, त्यालाही काही सुचेना.

"काटे," मालन एकदम म्हणाली. "त्येचेच काटे टोचा. टाचणीसारखे."

रुक्मिणीने फड्याचाच लांब काटा मोडला आणि सांध्यातून आरपार घातला. पाचर बसली. दुसरा घातला, तिसरा घातला. मग ती भिंतीला टेकली. "बापाक कधी सुचला नसता," ती म्हणाली. सुनेचं कौतुक तिने एवढंच केलं, आणि तेही पहिल्यांदाच.

इजाबायची जुनी कुंडी घासून, उन्हात तापवून त्यात फड्या लावला. पडवीत, त्याच जागी. आता पाणी नाही. थेंबही नाही.

मग नुसतं बघत राहणं आलं. रुक्मिणीला आयुष्यात हेच जमत नव्हतं. काम सांगा, शिव्या द्यायला सांगा, पण काही न करता बसायला सांगू नका. ती दिवसातून दहादा पडवीत जायची. बोट पुढे करायची आणि मागे घ्यायची. आठवडाभरात एक टोक सुरकुतलं, म्हाताऱ्याच्या कानासारखं झालं आणि गळून पडलं. मग दुसऱ्याच्या कळ्या गळाल्या, आणि मागोमाग ते टोकही. तिसरं तसंच होतं. जगलंय की मरायला वेळ घेतंय ते कळेना. त्याच्यावर तीन कळ्या होत्या. दोन पडल्या.

जयवंत तेवढ्यात दोनदा मुलुंडकडे जाऊन खोल्या बघून आला. एक तबेल्याला लागून होती. दुसऱ्या खोलीचा मालक म्हणाला, बाळंतीण नको. हे त्याने जेवताना सांगितलं.

आणि राहिलेली एक कळी वाढायला लागली. आधी रुक्मिणीला भास वाटला. मग पेरही फुगल्यासारखं दिसलं, सुरकुती निघून गेली. फड्याचं पाणी वर चढलं होतं. सांधा धरला होता. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की बिघडतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इजाबाय आली. सोबत सायमन, तिचं बोचकं घेऊन. घरात पाय धुवायच्या आधी ती मागच्या पडवीत आली. रुक्मिणी वाटेतच उभी होती.

"सायमनान सांगल्यान असतला," ती म्हणाली, "तरी माझ्या तोंडून ऐक. तुझा झाड माझ्या हातान मेला. मी रोज पाणी घातलंय. तू उपास म्हणालंस. आमच्यात उपासाक पाणी चालता. सडला. जां उरला तां फड्यावर बांधलंय. आता बघ आणि काय बोलूचा ता बोल."

इजाबायने बघितलं. कुंडीत काटेरी, ओबडधोबड फड्या, त्याच्या डोक्यावर दोनतीन पेरांची एवढीशी शेंडी आणि एक लाल मिटलेली कळी. तिने हात लावला. काटा बोटात गेला. बोट तोंडात धरून ती तशीच उभी राहिली.

"माझा माणूस असा काट्यावर बसवलास," ती म्हणाली.

रुक्मिणीने पदराचं टोक तिच्या बोटापुढे धरलं.

"आंटी, मी तिला तेव्हाच म्हटलं," सायमन म्हणाला, "उपास म्हणजे पाणी नाही. साधी गोष्ट."

इजाबायने त्याच्याकडे बघितलं. "तू उपासाला पाणी पितंस का नाय?"

"माणसाचं वेगळं."

"मी पिते. चाय पण पिते. कालच्या शुक्रवारी पण प्याले." ती कुंडीकडे वळली. "मना नवरा म्हणायचा, उपास म्हणजे पाणी तोडायचं. तो झाडाबद्दल बोलायचा. मी तसंच म्हणत आयले. मना कधी सुचलं नाय."

एवढ्याने काही सुटलं नाही. तिचा चेहरा तसाच होता. तिने खाली वाकून दोन्ही हातांनी कुंडी धरली. "उद्या चर्चात मिसला जायच्या आधी मना हे देवापुढं लावायचंय. दर ईस्टरला लावते." आणि तिने कुंडी उचलायला जोर लावला.

रुक्मिणीचा हात आधी गेला आणि अक्कल मागून. तिने इजाबायचं मनगट पकडलं. "हलवू नको."

"माझी कुंडी हाय."

"तुझीच आसा. हलवू नको. कळी टाकीत. आणि सांधो अजून कच्चो आसा, फड्याक धक्को बसलो तर शेंडी हातात येतली."

"हात काढ, रुक्मिणी."

"नाय काढणंय."

मालन दारात आली होती. जयवंत तिच्या मागे. आपली आई घरमालकिणीचा हात पकडून उभी आहे, आणि ह्याच बाईच्या तोंडून खोलीचा निकाल यायचा आहे, हे बघून त्याने डोळे मिटून घेतले. "आये, सोड," तो म्हणाला. रुक्मिणीने सोडलं नाही. तिलाही कळत होतं आपण काय करतोय. पण कुंडी हलवू दिली तर कळी जाणार, आणि नाही हलवू दिली तर खोली. दोन्हीत कळीचा शब्द तिने दिला होता, खोलीचा कोणी तिला दिला नव्हता.

बराच वेळ दोघी तशाच वाकून राहिल्या. मग इजाबायनेच हात सैल केले.

"मग देवापुढं काय लावू मी?"

"देवाक सांग, फूल मागच्या पडवीत आसा. येऊन बघूदे."

इजाबायने तोंड वाकडं केलं. हसू होतं की काय, ते दिसलं नाही. "सांधा धरायला किती दिवस लागतात?"

"एक पावसाळो वरून जाऊक व्हयो. मग घट्ट."

"आणि बघणार कोण? मना हे डोक्यावरचं झाड कळत नाय."

रुक्मिणी काहीच बोलली नाही. बोलायचं असतं तेव्हा गप्प राहणं तिला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं.

इजाबाय सायमनकडे वळली. "तू बायकोला पुढच्या घरात आण. माझी खोली घ्या, मी ओटीवर झोपते."

"आंटी, ईस्टरला देते म्हणाली होतीस."

"ईस्टरला सांगते म्हणाले होते."

सायमन लाल झाला. बोचकं त्याने जमिनीवर ठेवलं, जरा जोरातच. "झाडासाठी?"

"तुना तिथं कमी पडणार हाय काय? कौलं तीच, विहीर तीच." मग रुक्मिणीला ती म्हणाली, "पुढच्या ईस्टरपर्यंत. त्याच्या पुढचं मी बोलले नाय. पुढच्या ईस्टरला फुललं तर बोलू."

"आणि ह्या ईस्टरचा?"

"ह्या ईस्टरचं तू मारलंस. ते मी विसरणार नाय."

रविवारी चर्चची घंटा झाली, गावठाणात नवे कपडे फिरले, मटणाचा वास सुटला, आणि कळी मिटलेलीच राहिली. इजाबाय मिसहून येताना पडवीत डोकावली आणि गेली. सोमवारीही मिटलेलीच. मंगळवारी सकाळी रुक्मिणी कळशी घेऊन विहिरीवरून आली, तर लाल चांदणी पूर्ण उघडलेली. काट्यांच्या वर, एकटीच. तिने कळशी खाली ठेवली. मालनला म्हणाली, "जा, इजाबायक हाक मारून ये. सावकाश जा." आणि मग ती पडवीच्या पायरीवर बसली.

ज्येष्ठात मालन त्याच खोलीत बाळंत झाली. मुलगी. नाळ इजाबायने कापली, आणि वाद दोघींत नावावरून झाला.

परबीण त्या खोलीत मग बरीच वर्षं राहिली, पण एकदम कधीच नाही. एकेक वर्ष करून राहिली. दर ईस्टरला इजाबाय यायची, फुलं बघायची आणि म्हणायची, "एक वरीस." पुढं तर त्या फड्यावर शेंडीची छत्री झाली, फुलं मोजवेनात, तरी ती तेवढंच म्हणायची. आणि थंडी सरू लागली की रुक्मिणीचं जेवण तुटायचं. टोकाला ठिपका दिसेपर्यंत ती कोणाशी धड बोलत नसे.

एकदा ती वैतागून म्हणालीच, "दरवर्षी माझा बाळंतपण करतंस गो तू. एकदाच कायमचा सांगून टाक ना."

"मग?" इजाबाय म्हणाली. "झाड आपोआप फुलतंय असं तुना वाटलं?"